रंगाचा दुसरा हात

बसप्पा कलशेट्टी सरांनी आयुष्यात एकही भिंत रंगवली नव्हती. परंतु घर्षण, ओलावा आणि प्रकाशाचे परावर्तन हे तिन्ही विषय त्यांनी चौतीस वर्षे महाविद्यालयात शिकवले होते, आणि भिंत म्हणजे शेवटी या तिघांचाच संसार, असे त्यांचे मत होते. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या आपल्या घराचा पॅसेज आपणच रंगवायचा, हे ठरवताना त्यांना त्यात धाडस असे काही वाटले नाही.

रंगारी बोलावणे शक्यच नव्हते. पत्नीला, दाक्षायणीबाईंना, स्मृतिभ्रंश जडून तीन वर्षे झाली होती, आणि घरात अनोळखी माणूस आला की त्यांचा थरकाप होई. मागच्या उन्हाळ्यात नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला पाहून त्या दोन तास देवघराच्या दाराआड उभ्या होत्या. इकडे काम पुढे ढकलण्याचीही सोय नव्हती, कारण पुण्याहून मुलीने, प्रियदर्शनीने, स्पष्ट बजावले होते.

"अप्पा, मी भांडायला फोन केलेला नाही. अव्वा एकटी बाथरूमपर्यंत जाते, तोवर ठीक आहे. ज्या दिवशी तेवढंही जमणार नाही, त्या दिवशी मी तुमचं वय मोजणार. तुम्ही बहात्तरचे आहात. इथल्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात तिचं नाव नोंदवून ठेवलंय."

"नोंदवलेलं नाव खोडता येतं."

"येतं की! तुम्ही खोडायला लावा, मी पेढे वाटते."

त्या दिवसापासून झोपण्याच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतचा अठरा फुटांचा पॅसेज ही घराची सीमा झाली. त्याला खिडकी नव्हती. भर दुपारीही तिथे संध्याकाळ असे. गेल्या महिन्यात दाक्षायणीबाई त्या अंधारात दोनदा मध्येच थांबल्या होत्या. सरांनी ते दोन्ही प्रसंग तारखेनिशी वहीत टिपले. मग त्यांनी वाचायला घेतले. शेजारच्या केराबाईंनी आणून दिलेला अंगारा त्यांनी नम्रपणे कपाटात ठेवला होता. त्यांना पुरावा हवा होता, आणि तो मिळाला. अशा रुग्णांना फिकट भिंतीत फिकट दार दिसत नाही. दाराची चौकट गडद केली, जमिनीलगत गडद पट्टा ओढला, तर वाट सापडते. एक नव्हे, चार शोधनिबंधांचे तसे मत होते.

रंगाच्या दुकानात हारूनने त्यांची यादी वाचली आणि चष्म्यावरून पाहिले. हारून त्यांचा जुना विद्यार्थी.

"सर, ही यादी हाय का प्रॅक्टिकलचा पेपर? पुट्टी, प्रायमर, पॉलिश पेपर, ओळंबा, पाणसळ... घर बांधताव का रंगवताव?"

"भिंत सरळ नसेल तर पट्टा सरळ दिसणार नाही."

"बरं. पुट्टीचे दोन हात, प्रायमरचा एक, रंगाचे दोन. पाच हात झाले की भिंत नवी. अन् लई घासू नका. भिंत हाय ती, आरसा न्हाय."

"काम करायचं तर नीट करावं, हारून."

"ते मला बारावीला नापास करतानाबी सांगितलं होतं की तुमी," हारून म्हणाला आणि पिशवी स्वतः स्कूटरपर्यंत घेऊन आला.

सरांनी काम नीटच केले. बोअरच्या खाऱ्या पाण्यात पुट्टी कालवली तर वर्षभरात लोणा फुटतो, म्हणून नळाला पाणी येण्याच्या दिवशी दोन बादल्या गोडे पाणी वेगळे काढून ठेवले. भिंतीची पाहणी करून तिचे सर्व दोष क्रमवार लिहिले. स्विच बोर्डाच्या खाली बशीएवढा पोपडा गेलेला. मधोमध, जुना पाइप बुजवला होता तिथे, एक आडवा उंचवटा. बाथरूमच्या अलीकडे हातभर जागेत लोणा धरून भिंत खरखरीत झालेली. शिवाय उजव्या भिंतीवर, खोलीपासून थेट बाथरूमपर्यंत, चार बोटे रुंदीचा एक तेलकट, तपकिरी पट्टा आडवा गेलेला. त्यापुढे त्यांनी लिहिले: 'मळ. उंची ९२ ते १०० सें.मी. सोड्याने धुणे.'

धुतला. पोपडा भरला, उंचवटा छिन्नीने उतरवला, लोणा खरवडून काढला. दुपारी दाक्षायणीबाई झोपल्या की ते पत्र्याच्या पट्टीने पुट्टी ओढत, वाळली की पॉलिश पेपरने घासत, आणि दिवा भिंतीला टेकवून तिरक्या उजेडात सावली पडते का ते पाहत. सावली पडली की पुन्हा घासत. पॅसेजमध्ये चढायचा लाकडी घोडा, बादल्या, वर्तमानपत्रे असा पसारा असल्यामुळे त्या दिवसांत ते स्वतःच बाईंना हाताला धरून बाथरूमपर्यंत नेत आणि परत आणत. यात प्रयोग दूषित होत होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

एकदा त्या जाग्या होऊन दारात उभ्या राहिल्या. प्रायमर लागला होता. सगळा पॅसेज पांढराशुभ्र.

"कुणाचं लगीन हाय हो?"

"आपलंच," सर म्हणाले.

बाई लाजल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मग मला आधी सांगायचं न्हाई का? लुगडं तरी बरं नेसले असते."

सरांनी ब्रश खाली ठेवला आणि ते घोड्यावरून उतरले.

अकराव्या दिवशी रंगाचा दुसरा हात वाळला. भिंती फिकट सायीच्या रंगाच्या, खाली गडद निळी स्कर्टिंग, टोकाला तशीच गडद निळी चौकट. मास्किंग टेप निघाली तेव्हा कड पट्टीने आखल्यासारखी आली होती. पाणसळीचा बुडबुडा नेमका मध्यावर थांबला. पसारा आवरून, फरशी पुसून सर बाथरूमच्या दाराशी उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. सकाळचे नऊ वाजले होते.

दाक्षायणीबाई खोलीतून बाहेर आल्या. रोजच्यासारखा उजवा हात त्यांनी भिंतीवर ठेवला आणि दोन पावले चालल्या. मग थांबल्या. तळवा उचलला, पुन्हा ठेवला. थोडा वर, थोडा खाली. कुलपाला किल्ली लागत नसली की माणूस ती जशी फिरवून पाहतो, तसा त्या तळवा फिरवत होत्या. निळ्या चौकटीकडे त्यांनी पाहिलेही नाही. चेहऱ्यावर आधी नवल होते, मग ते हळूहळू विझले, आणि नंतर जे आले ते सरांनी फक्त परक्या माणसांसमोर पाहिले होते.

त्या आहेत तिथेच उभ्या राहिल्या, आणि फरशी ओली झाली.

सरांनी त्यांना स्वच्छ केले, साडी बदलली, झोपवले. मग ते पॅसेजच्या सुरुवातीला आले, डोळे मिटले आणि ९५ सेंटीमीटर उंचीवर उजवा हात टेकून चालू लागले. सहा पावलांनंतर आपण कुठे आहोत, हे त्यांना सांगता येईना. भिंत नुसती होती. तिला काही म्हणायचे नव्हते.

दाक्षायणीबाई डोळ्यांनी चालतच नव्हत्या. पोपडा लागला की बोर्ड आला, उंचवटा लागला की अर्धी वाट सरली, खरखर लागली की दार आले. डोके एकेक गोष्ट सोडून देत असताना तळव्याने ही वाट धरून ठेवली होती. एकोणतीस वर्षे त्या या घरात राहिल्या होत्या, आणि तो तपकिरी पट्टा म्हणजे त्या वाटेवरची त्यांची रहदारी होती. सरांनी तो पाहिला होता, मोजला होता, वहीत लिहिला होता, आणि त्यापुढे 'मळ' असे लिहिले होते. पाचही हातांची मिळून जाडी दोन मिलिमीटर भरली नसती.

ते तसेच, बनियनवर, हारूनच्या दुकानात गेले.

"हारून, पुट्टी खरवडली तर खालची भिंत होती तशी निघेल का?"

हारूनने त्यांच्याकडे पाहिले आणि चेष्टा करायचे टाळले. "पुट्टीसंगं खालचंबी निघतंय, सर. जुनी भिंत कुणालाच परत निघाली न्हाय. का हो, काय बिघडलं?"

"मापन चुकलं," सर म्हणाले.

पुढचे आठ दिवस त्यांनी हरतऱ्हेने प्रयत्न केले. भिंतीवर त्याच उंचीवर सुतळी चिकटवली. बाईंनी साप लागल्यासारखा हात मागे घेतला. वाळू मिसळून खरखरीत पट्टा केला, तो त्यांना टोचला. उंचवटा पुन्हा बांधला, पण तो किती उंच होता, कड गोल होती की तुटकी, हे आता घरात एकाच तळव्याला माहीत होते, आणि त्या तळव्याला विचारता येत नव्हते. वहीत नोंद होती: एकोणीस प्रयत्न, यश शून्य. चौकट दिसली की वाट सापडते, असे जे चार शोधनिबंध सांगत होते ते खोटे नव्हते. ते दुसऱ्या कुणाच्या तरी घराविषयी होते.

नवव्या दिवशी दुपारी ते बोर्डाखाली छिन्नीने पोपडा पाडत होते. केसांवर, भुवयांवर, चष्म्यावर पुट्टीची पांढरी धूळ बसली होती. मागून आवाज आला.

"काय करलालाव पेंटर? बरी भिंत खराब करलालाव की!"

ते वळले. दाक्षायणीबाई दारात उभ्या होत्या. घाबरलेल्या मुळीच नव्हत्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या एका परक्या माणसाशी नीट बोलत होत्या, आणि तो परका माणूस आपण आहोत, हे समजायला सरांना एक क्षण लागला. ही चूक त्यांनी दुरुस्त केली नाही.

"थोडंसं काम राहिलंय, बाई."

"आमचे सर बघतील तर बोलतील बरं का. त्यांना सगळं सरळ लागतंय."

"कडक आहेत का फार?"

"न्हाई हो. भितात." बाई दाराला टेकून आरामात उभ्या राहिल्या, एखाद्या कामाच्या माणसाशी घरची मालकीण दोन शब्द बोलते तशा. "मला काय व्हईल म्हणून भितात. दुपारी मी झोपले की माझा हात धरून बसतात. तासभर बसतात. मी झोपलेली नसते की."

सरांच्या हातातली छिन्नी थांबली. "मग सांगत का नाही त्यांना?"

"खुळं का काय तुमी? सांगितलं तर सोडतील की हात."

त्या स्वतःशीच हसल्या. मग पॅसेजकडे पाहता पाहता हसू ओसरले. त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणला.

"पेंटर, एक काम करता का? मला आमच्या घरी सोडा. हे आमचं घर नव्हं. आमच्या घरची भिंत हातात येतीया. हितं काय लागतच न्हाई हाताला." आणि मग, दुधनीच्या माहेरच्या कानडी बोलीत, लहान मुलीने बापाचा सदरा ओढावा तशा स्वरात, "मनिगे होगोण." घरी जाऊ या.

"सोडतो," सर म्हणाले. "शनिवारी गाडी येईल."

त्यांनी धूळ न झटकताच प्रियदर्शनीला फोन लावला. ती काही बोलायच्या आत म्हणाले, "नाव खोडू नकोस."

"अप्पा, काय झालं?"

"तिला घरी जायचंय," ते म्हणाले, "आणि ते घर मी पुसून टाकलं."

शनिवारी प्रियदर्शनी आली. पॅसेजमध्ये पाऊल टाकताच तिच्या तोंडून "किती सुंदर झालंय!" असे निघून गेले, आणि लगेच तिने ओठ दाबले. सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. केंद्राच्या डॉक्टरांनी पहिला पंधरवडा बाईंना एकट्याने रुळू द्या असे सांगितल्यामुळे त्यांना सोबत जाता येणार नव्हते. तरी आज निदान ओळख पटावी, एवढी त्यांची अपेक्षा होती. अपेक्षेला आधार नव्हता, हे त्यांना ठाऊक होते.

दाक्षायणीबाईंनी मुलीला ओळखले. गाल कुरवाळले. वाळलीस, म्हणाल्या. मग सरांकडे बोट करून, "हे पेंटर. लई चांगला माणूस हाय गं. यांना चहा दे आधी."

प्रियदर्शनीने वडिलांकडे पाहिले. त्यांनी मान किंचित हलवली. ती स्वयंपाकघरात गेली, चहा केला, आणि कप त्यांच्या हातात देताना तिला रडू आवरेना. बाई तिची समजूत घालत म्हणाल्या, "रडतीस कशाला? घरी तर जायचंय."

सरांनी तो चहा उभ्यानेच, पूर्ण प्यायला.

गाडीपर्यंत जाताना बाईंनी दोघांच्याही आधाराला नकार दिला नाही. आत बसल्यावर सरांनी पट्टा लावला, साडीचा काठ दारात अडकणार नाही असा आत सारला. काच खाली होती. बाईंनी त्यांना हाताने जवळ बोलावले.

"पेंटर, आमचे सर कॉलेजातनं येतील आता. त्यांना सांगा, मी घरी गेले. भाजी झाकून ठेवलीया."

"बरं."

"आन् म्हणावं, माझी वाट बघत बसायचं न्हाई. गरम करून जेवून घ्यायचं."

"सांगतो," सर म्हणाले.