खडेबाबांचं निर्मळ तेल

कारखान्याच्या चाचणीघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. हिशेबवाल्यांपासून पहारेकऱ्यांपर्यंत सगळे हातातलं काम टाकून आले होते. खडेबाबा नळीच्या एका तोंडाने कोळशापासून काढलेलं काळपट तेल सोडत होते आणि दुसऱ्या तोंडाने पाण्यासारखं निर्मळ काढत होते! बाबा कसले, कडक इस्त्रीच्या कोटातले सल्लागार. पण कोटाच्या खिशातून काळे खडे काढून स्वतःच्या हातांनी नळीत भरत, म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव.

"हा तुमचा नेहमीचा उत्प्रेरक नव्हे, हे जागृत कण आहेत," बाबा सांगत होते. "यांना भट्टीचा ताप नको, कोमट पुरे. आणि एक बाटली झाली की विश्रांती. कणसुद्धा दमतात हो!"

"बिचारे," मी पुटपुटलो. साहेबांनी डोळे वटारले.

साहेब पार विरघळले होते. मोठ्या भट्टीतला निकेल-मॉलिब्डेनमचा जुना उत्प्रेरक उद्याच उपसायचा, तिथे हे खडे भरायचे आणि चाचणीघराला टाळं लावायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. तो उत्प्रेरक चाचणीघर सांभाळणाऱ्या माझ्या वहिनींनी कितीतरी नमुने तावून-सुलाखून निवडलेला. टाळं त्यांच्याच खोलीला लागणार होतं. माझा जीव तुटत होता.

"वास घ्या, वास!" बाबांनी वायूच्या नळीवरचा तपासणीचा कागद उंच धरला. "जुन्या मालाला सडक्या अंड्यांची दुर्गंधी, कागद काळाठिक्कर. आणि माझा? पांढराशुभ्र!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनी पुढे आल्या.

"साहेब, उत्प्रेरक काम करतो तेव्हा तेलातला गंधक हायड्रोजनला धरून वायू होतो आणि बाहेर पडतो. वास त्याचाच, कागदही त्यानेच काळा होतो. इथे काहीच बाहेर आलं नाही. मग घाण गेली कुठे?"

"नष्ट झाली!" बाबा गरजले.

"बरं, मी नळीत सोडलेला हायड्रोजनच बंद करते."

त्यांनी झडप फिरवली. तेल तसंच निर्मळ येत राहिलं.

"हायड्रोजनशिवायसुद्धा!" साहेब गहिवरले. पुन्हा टाळ्या. मी कपाळावर हात मारला.

"म्हणजे क्रिया झालेलीच नाही, साहेब. नुसतं गाळलंय," वहिनी म्हणाल्या. "आता बाटली बदला आणि पंप चालू ठेवा."

"अहो, कण दमतील!" बाबा पंपाकडे झेपावले. मी आडवा उभा राहिलो.

दुसरी बाटली चहाच्या रंगाची भरली, तिसरी आत सोडलेल्या तेलाइतकीच काळी. जागृत कण म्हणजे साधा सच्छिद्र कोळसा निघाला. तो रंग शोषून घ्यायचा आणि पोट भरलं की हात वर करायचा. वहिनींनी ती पहिली निर्मळ बाटली यंत्रात तपासली. गंधक जवळजवळ होता तेवढाच! मग जुना उत्प्रेरक भरून, पुरता ताप आणि हायड्रोजन देऊन तेच तेल सोडलं. कागद काळा झाला, गंधक उतरला, आणि बाटल्यांमागून बाटल्या भरल्या तरी उतरलेलाच राहिला.

"इथली स्पंदनं दूषित आहेत," म्हणत बाबांनी मागच्या दाराने काढता पाय घेतला.

"उद्याचं उपसणं रद्द," साहेब मान खाली घालून म्हणाले. "टाळंही."

मला बाबांपेक्षा त्या टाळ्यांचाच जास्त राग आला. सगळे शिकलेले, सगळे याच कारखान्यात कामाला, आणि डोळ्यांना तेल स्वच्छ दिसलं एवढ्यावर सगळ्यांनी अक्कल गहाण टाकली. पुढे कोणी अशी निर्मळ बाटली नाचवत आला, तर टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा, घाण गेली कुठे? आणि तो उत्तर देईपर्यंत पंप बंद करू देऊ नका.