वगळले असे सांगून

संपादकांनी कलमातला स्वल्पविराम काढला, कलम पुटपुटत वाचलं आणि स्वल्पविराम परत होता तिथे ठेवला. मग चष्मा काढून डोळे चोळत बसले. दुपार कलत आली होती. थोड्याच वेळात बैठक सुरू होणार होती आणि इतकी वर्षं पडून राहिलेलं हे भिजत घोंगडं आज एकदाचं वाळत पडणार होतं.

बायकोने दारातून डोकावून विचारलं, की लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या का. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं काम, त्यामुळे घरी कुणी गप्प बसलं तरी तिची हरकत नसे. आजची शेवटची, असं ते म्हणाले. हे वाक्य तिने याआधीही ऐकलं होतं. ती हसली आणि चहाचा कप ठेवून गेली.

या भाकऱ्या म्हणजे एक मानक. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. त्या प्रोग्रामांनी काय वाचावं, कुठे थांबावं, याचे नियम. हे नियम कुठलं सरकार करत नाही, कुठली कंपनीही नाही. ज्याला वाटेल त्याने मसुदा लिहायचा, सगळ्यांपुढे ठेवायचा आणि ज्याला वाटेल त्याने त्याचा कीस काढायचा. संपादकाने हरकती गोळा करायच्या, निस्तरायच्या, पुन्हा मसुदा मांडायचा. मतदान नाही, मानधन तर नाहीच नाही. शेवटी अंतिम सूचना निघते. मुदतीत कुणाची हरकत आली नाही, की बैठकीत संपादक 'मंजूर' म्हणतो आणि ठिकठिकाणचे प्रोग्रामर निमूटपणे तसं करू लागतात. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात चांगली शिकलीसवरलेली माणसं एका क्रियापदावरून हमरीतुमरीवर येतात आणि संपादकाच्या डोक्याचा भुगा होतो.

या मसुद्याचं घोडं एकाच कलमावर अडलं होतं. मजकुरात मध्येच एखादं चित्र आलं, फोटो आला, म्हणजे प्रोग्रामला वाचता येणार नाही असं काही आलं, तर काय करायचं? मसुद्यात होतं, 'ते वगळून पुढे जावे.' एका बाईंचं म्हणणं होतं, 'ते वगळले असे सांगून पुढे जावे.' बस, एवढंच. पण एवढ्यावरून बाईंनी प्रत्येक फेरीत हरकत घेतली होती. मंडळी त्यांना पाठीमागे हरकतबाई म्हणत.

बाई पूर्वी न्यायालयात दुभाषी होत्या. साक्षीदाराचं एखादं वाक्य ऐकू आलं नाही तर तसं सांगायचं, गिळून पुढे जायचं नाही, ही तिथली शिस्त. पुढे त्यांची नजर गेली आणि फोन त्यांना वाचून दाखवू लागला. एकदा भावाचा निरोप आला. फोनने वाचलं, 'तुला कळवतोय.' बाईंनी उत्तर पाठवलं, 'बरं बरं, सवडीने कळव.' त्या ओळीच्या वर एक चित्र होतं, त्यात वहिनी गेल्याची बातमी होती. फोन ते मुकाट्याने ओलांडून गेला होता. त्यानंतर भावाने बाईंचा फोन उचलणं बंद केलं. हरकतीत हे सगळं त्यांनी एकदाच लिहिलं होतं, तेही थोडक्यात. मंडळींत असे प्रोग्राम बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस होता. या कंपनीवाल्याने उत्तर दिलं, की पानापानावर शोभेची चित्रं असतात, प्रत्येक वेळी 'वगळले, वगळले' ऐकून माणसाचे कान किटतील. त्याचंही खोटं नव्हतं.

आणि या खेपेला बाई गप्प राहिल्या होत्या. अंतिम सूचना निघाली, मुदत सरली, हरकत आली नाही. संपादकांनी हुश्श केलं होतं. पण इतकी वर्षं भांडलेलं माणूस असं मोठेपणाने बाजूला होतं, तर दोन शब्द बोलायला हवेत. चहा संपवून त्यांनी फोन लावला.

"बाई, आभार मानायला फोन केला."

"माझे? आणि ते कशाबद्दल?"

"अंतिम सूचनेवर तुम्ही हरकत घेतली नाहीत म्हणून."

मग बाईंनी विचारलं, "सूचना निघाली का?"

संपादकांनी घाईघाईने ती सूचना उघडली. दरवेळी साधी चार ओळींची असायची. या वेळी नव्या सचिवबाईंनी हौसेने सजवली होती. निळी चौकट, टपोरी अक्षरं, मसुद्याचं नाव, मुदतीची तारीख, आणि हे सगळं मिळून एक अखंड चित्र. त्याखाली मजकूर म्हणून एकच ओळ होती.

"मला एवढंच ऐकू आलं," बाई म्हणाल्या, "'कृपया लक्ष द्यावे.' तेव्हापासून देतेय."

आणि त्या हसल्या. संपादकांना हसता येईना. त्यांनी माफी मागितली, आजच्या बैठकीत तुमची हरकत मी स्वतः मांडतो म्हणाले, मुदत वाढवून घेतो म्हणाले. पुन्हा सूचना, पुन्हा फेरी, पुन्हा उत्तरं. बोलता बोलता त्यांच्या तोंडून एक सुस्कारा निसटला. तो त्यांचा त्यांनाही कळला नाही.

बाईंना कळला.

"संपादक, तुम्ही फार दमलात हो."

"नाही, तसं काही नाही."

"जन्मभर लोकांचे आवाज ऐकलेत मी. जाऊ दे आता. लिहा, बाईंची हरकत नाही."

"अहो, असं नका करू. तुमचं म्हणणं आहेच ना अजून?"

"म्हणणं आहे. हरकत नाही. दमलेय मीसुद्धा." मग त्या म्हणाल्या, "भाऊ अजून उचलत नाही फोन. तुमच्या कलमाने तो थोडाच उचलणार आहे?"

संपादकांनी फोन ठेवला. आता सगळं रीतसर झालं होतं. बाईंनी शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने परवानगी दिली होती. त्यांना बाईंचा राग आला. एवढं भांडायचं आणि ऐन वेळी समोरच्याची कीव करून मोकळं व्हायचं, ही काय रीत झाली? मग स्वतःचा राग आला, आणि तो काही केल्या जाईना.

बैठक संगणकावरच होती. सगळे आपापल्या घरून बोलत. कंपनीवाला आधीच येऊन बसला होता. आज गंगेत घोडं न्हाणार म्हणून तो खुशीत होता. त्याच्या कंपनीचा प्रोग्राम या मानकासाठी खोळंबला होता. शब्दांच्या व्याख्या लिहिणारे ग्रंथपाल होते. सचिवबाईंनी कलमं वाचली, कुणाची हरकत आहे का असं विचारलं आणि प्रथेप्रमाणे थोडं थांबल्या. कुणीच काही बोललं नाही.

"मग संपादक, मंजूर म्हणायचं ना?"

संपादकांनी सूचनेचं सांगितलं. ती बाईंपर्यंत का पोचली नाही, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. सचिवबाई ओशाळल्या. चांगली दिसावी म्हणून केली होती, एवढंच कसंबसं म्हणाल्या.

"पण तुम्ही बोललात ना त्यांच्याशी?" कंपनीवाल्याने विचारलं. "काय म्हणाल्या?"

"हरकत नाही म्हणाल्या."

"मग अडलं कुठे?"

"माझी आहे."

संपादकाला स्वतःच्या मसुद्यावर हरकत घेता येत नाही, नियमात बसत नाही, असं सचिवबाईंनी चाचरत सांगितलं. तो नियम मीच लिहिलाय, संपादक म्हणाले, आणि ज्याला हवा त्याने हा मसुदा घ्यावा, मी खुर्ची सोडतो. यावर सगळे चिडीचूप. पडद्यावर नावांचे चौकोन तेवढे दिसत होते. कोण आहे, कोण उठून गेलं, काही कळायला मार्ग नव्हता.

"असे गप्प बसू नका," संपादक म्हणाले. त्यांचा आवाज आता खरंच थकला होता. "तुम्हाला पटलंय, पटलेलं नाही, की ऐकूच आलं नाही, हे मला इथून कळत नाही. काय असेल ते सांगा. भांडायचं तर भांडा."

मग कंपनीवाला खाकरला.

"खरं सांगू? हा शेवटचा मसुदा मी वाचलेलाच नाही. आधीचे वाचले होते. हा आला तेव्हा वाटलं, तुम्ही सगळ्यांनी बघितलाच असेल. गेलो तसाच पुढे."

"मीही," ग्रंथपाल म्हणाले.

सचिवबाई हळू आवाजात म्हणाल्या, की त्यांनी फक्त सूचना तयार केली, कलमं आज इथेच पहिल्यांदा वाचली, आणि वाचताना अर्थाकडे लक्ष नव्हतं.

संपादकांना राग आला नाही. आश्चर्यही वाटलं नाही, आणि याचंच त्यांना वाईट वाटलं. ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. तिघंही अजून होते.

"बरं," ते म्हणाले. "मग मी वाचतो. पहिल्या कलमापासून. जिथे कळणार नाही, तिथे थांबवा मला."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला ग्रंथपालांनी थांबवलं.