झेलणारी

आईचं आणि कप्तानाचं शेवटचं भांडण टोपीवरून झालं.

कप्तान म्हणजे आमचा नावाडी. नाव छोटी, चार माणसं बसली की भरली. पण वल्ही मारताना तो मान अशी ताठ धरायचा, की आईनं पहिल्याच फेरीला त्याला कप्तान करून टाकलं.

"मावशी, ती टोपी उडाली तर मी पाण्यात उडी मारणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"तू वल्ही मारलीस तरी पुष्कळ झालं. मघापासून आपण त्याच झाडासमोर आहोत."

"वारा उलटा आहे."

"तुझा वारा नेहमीच उलटा असतो."

मी मागच्या फळीवर बसून हसले, पण मान वर केली नाही. माझे डोळे हातातल्या स्क्रीनवर होते. आमचं काम तसं सरळ होतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या तळ्यावर जलपर्णी पसरत चालली होती, आणि ती किती पसरली हे पाणीपुरवठा कार्यालयाला दर महिन्याला कळायला हवं होतं. मी कॅमेऱ्याचा ड्रोन उडवून तळ्याचे वरून फोटो काढायचे, नांगरट केल्यासारखे, एका पट्ट्याशेजारी दुसरा पट्टा. काठ सगळा दलदलीचा, आणि लांबचा कोपरा तिथून आवाक्यात येत नव्हता. म्हणून नाव. नावेवर ड्रोन चढवता येतो, उतरवता येत नाही. नाव हलते, तो कलंडतो, पंखे फळीवर आपटून तुटतात. कुणीतरी उभं राहून तो हवेतच हातानं धरावा लागतो.

ते काम आईचं. तिची सगळी नोकरी प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेलेली. "पोरं झेलण्यात जन्म गेला माझा," ती म्हणायची, "आणि हे तर रडतसुद्धा नाही." ड्रोनला ती भुंगा म्हणायची. उजव्या हातात बागकामाचा जाड हातमोजा, डोक्यावर ती रुंद काठाची टोपी, पायाशी पाण्याची बाटली.

"दिसतंय का काही वरून?"

"पाणी."

"तेवढं मला इथूनही दिसतंय. त्यासाठी एवढं महागाचं यंत्र?"

बॅटरी संपत आली की भुंगा कुणाचं ऐकत नाही. असेल तिथे आपणहून खाली उतरायला लागतो. खाली जमीन आहे की पाणी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून मी त्याला वेळेत नावेवर आणला. आई गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, कप्तानाला "हलवू नकोस रे" म्हणत उठली आणि पाय फाकवून उभी राहिली. "ये, ये. हळू. घाई कुणाला आहे?" तिनं भुंग्याला पोटाखालून धरलं, उलटा केला, पंखे थांबले. "मोकळी झाली बाई," असं दर वेळेप्रमाणे म्हणून तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला.

लांबच्या कोपऱ्यातला एक पट्टा राहिला होता. पण वारा वाढायला लागला होता आणि आईचे गुडघे बोलायला लागले होते. "राहू दे," मी म्हणाले, "परवा येऊ."

आता जे नावेत कधी कुणी बोललं नाही, ते इथे सांगायला हवं. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी बुडता बुडता वाचले, असलं काही घडलेलं नाही. सांगण्यासारखी गोष्टच नाही तिच्यामागे. पायाखाली अंगठ्याएवढ्या जाडीचं लाकूड आणि त्याखाली नुसती खोली, एवढं मनात आलं की माझ्या पायांतलं बळ जातं. वरून मात्र पाणी मला चालतं. स्क्रीनवर ते सपाट असतं, त्याला काठ असतात. आणि ड्रोन उडवणाऱ्यानं स्क्रीनवरून डोळे काढायचे नसतात, त्यामुळे मी नावेत बसल्यापासून उतरेपर्यंत मान वर करत नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. पहिल्या फेरीला झेलायला कार्यालयातला शिपाई आला होता, आई नुसती फिरायला म्हणून. परतताना तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. बायकांच्या चेहऱ्यांवरून कळा ओळखणारी बाई ती. पुढच्या फेरीला हातमोजा घालून माझ्याआधी दारात उभी. "घरी बसून अंग आंबतं माझं. मी येते." तिनं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. तिला ऊन सोसायचं नाही, दुपारची झोप जीव की प्राण, तरी ती यायची आणि मधल्या फळीवर बसायची. बॅटरी देणं, कप्तानाला नाव फिरवायला सांगणं, उभं राहणं, झेलणं, ज्या ज्या कामाला स्क्रीनवरून डोळे काढावे लागतात ते सगळं तिनं न सांगता स्वतःकडे घेतलं होतं.

त्या रात्री दादाचा फोन आला. दादा विम्याच्या कार्यालयात आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक वस्तूत अपघात दिसतो. "आईला आता वल्ही पण मारायला लाव," तो म्हणाला, "फुकटचा माणूस मिळालाय तर." आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "अरे, मीच हट्टानं जाते. तुझी बहीण मला नको नको म्हणते." मी समोर बसून भांडी पुसत होते. ती माझ्याकडे न बघता खोटं बोलत होती, आणि छान बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापत ठेवून ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. मी बाहेरच्या खोलीत फोटो उतरवून घेत होते. दूध उतू गेल्याचा वास आला. "आई, गॅस," मी ओरडले. मग पुन्हा, जरा चिडून, "अगं आई, गॅस!" मग मी उठले.

हृदय, डॉक्टर म्हणाले. बसल्या बसल्या. तिला कळलंही नसेल.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. माणसं भेटायला यायची, मी त्यांना पाणी द्यायला उठायचे, पाणी दिलं की पेला परत घ्यायला, पेला घेतला की विसळायला. वहिनी म्हणाली, बस ना जरा. बसले की गुडघा हलायला लागायचा. पुस्तक उघडलं तर तेच पान तीनदा वाचून व्हायचं. बॅटऱ्या भरून ठेवायचे. वापरल्या नाहीत की त्या आपोआप उतरतात, मग पुन्हा भरायचे. घरभर फिरताना कळलं की या घरातल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं स्वयंपाकघराकडे आहेत. एका दुपारी मी त्या सगळ्या फिरवल्या. संध्याकाळी दादानं परत होत्या तशा केल्या.

वहिनी मुलांकडे परत गेली, दादा राहिला. कागदपत्रं करायची होती. तो जेवणाच्या टेबलावर कागद मांडायचा आणि मान खाली घालून बोलायचा.

"डॉक्टर काय म्हणाले, आदल्या दिवशी फार दगदग झाली होती का?"

"त्यांनी तसं काही म्हटलं नाही."

"मी विचारतोय. तू काय म्हणतेस?"

"उन्हात होतो. नेहमीइतकेच."

"नेहमीइतकेच," तो म्हणाला आणि पुढचा कागद घेतला.

तेव्हाच सांगता आलं असतं. पण आईनं त्याला जे सांगून ठेवलं होतं ते खोडायला माझी जीभ उचलेना. आणि खरं सांगायचं तर त्याचा राग सोसणं मला सोपं जात होतं.

पाणीपुरवठा कार्यालयातल्या साहेबांचा फोन तिसऱ्या आठवड्यात आला. आधी आईबद्दल बोलले, मनापासून बोलले. मग म्हणाले, सोमवारी जलपर्णी कापायचं यंत्र तळ्यात उतरतंय. तो राहिलेला पट्टा त्याआधी हवा. तेवढा एक तुकडा नसेल तर सगळ्या हंगामाच्या नकाशाला भोक पडतं. "तुम्हाला जमत नसेल तर मी समजू शकतो. दुसऱ्या कुणाला सांगतो. फक्त मग पुढचं काम त्यांच्याकडेच राहील."

"जमेल," मी म्हणाले.

कप्तानाचे हात वल्ह्यांवर, तो झेलू शकत नव्हता. मी अंगणात सराव केला. डाव्या हातात रिमोट, उजव्या हातात हातमोजा, भुंगा डोक्यावर आणायचा, हळूहळू खाली घ्यायचा, धरायचा, उलटा करायचा. पाच-सहा वेळा बिनचूक जमलं. अंगण हलत नव्हतं.

दादा दारात उभा राहून बघत होता. "हे आई करायची? या वयात? त्या पंख्यांत बोटं घालून?"

"खालून धरायचं असतं. पंखे वर असतात."

"उद्या मी येतो," तो म्हणाला. "मला बघायचंय तिला काय काय करायला लावत होतीस ते. पण मी त्याला हात लावणार नाही. बॅटरी हातात देईन, बस."

नावेत चढताना मी कप्तानाचा हात धरला आणि डोळे त्याच्या शर्टाच्या बटणावर ठेवले. तो म्हणाला, "ताई, मावशींशिवाय नाव हलकी वाटते हो." मग त्यालाच ते बरं वाटलं नाही. "म्हणजे बोलायला कुणी नाही," तो म्हणाला. दादा मधल्या फळीवर बसला, लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून.

"हे जॅकेट कधी तपासलंय?"

"साहेब, ते तुमच्यापेक्षा नवीन आहे."

भुंग्याच्या डब्याच्या सपाट झाकणावरून मी तो उडवला. तो वर गेला आणि मला श्वास घेता आला. तळं खाली पसरलं, काठांसकट. जलपर्णी कोपऱ्यातून बरीच पुढे आली होती. मी पट्टा धरला, गेले, वळले, आले. दादा काहीतरी विचारत होता, मी हं हं करत होते. लाटा फळीला खालून थापा मारत होत्या, ते मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटचा फोटो पडला. काम झालं.

बॅटरी थोडीच उरली होती. भुंगा नावेवर आणला आणि कॅमेरा सरळ खाली वळवला. स्क्रीनवर आमची नाव आली, पाण्यावर पडलेल्या बियेएवढी. मग मोठी झाली. कप्तानाची ताठ मान. दादाच्या डोक्यावरचं विरळ झालेलं वर्तुळ, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या टोकाला वाकून बसलेली एक बाई. वर बघणारं कुणीच नव्हतं.

आता उठायचं होतं.

मी हातमोजा घातला. उजवा पाय सरकवला. आणि स्क्रीनवरून डोळे काढले.

पाणी काळपट हिरवं होतं, खूप जवळ, आणि हलत होतं. नावेची कड त्याच्यापेक्षा वीतभर उंच. माझ्या पायांना मी उठ म्हणाले, पाय तिथे नव्हतेच. डाव्या हातानं रिमोट धरला होता, उजव्या हातानं मी फळी अशी धरली की हातमोज्याची शिवण बोटांत रुतली.

"उठ की," दादा म्हणाला.

भुंगा डोक्यावर भुणभुणत होता. रिमोट टुंटुं वाजायला लागला.

"ताई, वारा बघा," कप्तान म्हणाला. "नाव सरकतेय. धरून ठेवतोय मी, पण लवकर."

"काय झालं? अगं तो वाजतोय. उठ ना. काल अंगणात तर मोठी कसरत करत होतीस."

मी मान हलवली. रिमोटचा आवाज बदलला, एकसलग झाला. भुंगा आपणहून खाली यायला लागला होता. मी रिमोटची काडी वर दाबून त्याला थोपवून धरत होते. तेवढंच करता येत होतं, आणि तेही फार वेळ करता येणार नव्हतं. त्याच्या पोटात सगळे फोटो होते.

"आईला बरी दर वेळी उभी करायचीस," दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तिचे गुडघे गेलेले. तिला उठवायचीस ना? मग आता स्वतः उठ!"

मी काहीतरी पुटपुटले.

"काय?"

पंख्यांचा वारा आता डोक्यावर जाणवत होता. केस तोंडावर येत होते. दादा पुढे वाकला, कानामागे हात धरून, लहानपणी मी चोरून काही सांगायला गेले की वाकायचा तसा. मग मी ओरडले. कप्तानाची वल्ही थांबली इतक्या जोरात ओरडले.

"मला भीती वाटते, दादा! पाण्याची! पहिल्यापासून वाटते, मला नावेत उभं राहता येत नाही, मला खाली बघताही येत नाही! आई हट्टानं नाही यायची, ती माझ्यासाठी यायची, तुला ती खोटं सांगायची! मी एकटी नाही बसू शकत इथे. तू झेल. हा हातमोजा घे, खालून धर, मी त्याला हळू आणते, तू उठ आणि झेल!"