अभ्यासिकेखालची टाकी

साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी घरात सगळे त्यांना साहेबच म्हणत. बायकोही म्हणे, फक्त तिच्या तोंडी त्या शब्दाला जरा वेगळी चव असे. साहेबांनी तीस वर्षं बांधकाम परवानगीच्या कचेरीत लोकांच्या घरांचे नकाशे तपासले. कोणी संडासाच्या टाकीवर खोली बांधलेली दिसली की त्याला नोटीस काढणं हे त्यांचं विशेष आवडतं काम. त्यांची नोटीस वाचून लोक भिंत पाडायच्या आधी वकिलाकडे अर्थ विचारायला जात.

अशा माणसाच्या घरात एका मंगळवारी सकाळी तळमजल्यावरचा संडास गुडगुडायला लागला.

"टाकी भरली असणार," सून म्हणाली. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कशाचाही नमुना आला तरी तिचं नाक वाकडं होत नसे.

"आपली टाकी भरत नाही," साहेब म्हणाले. "मी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय. बावीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही."

"उपसली नाही, म्हणूनच म्हणतेय, बाबा."

साहेबांनी हा मुद्दा विचारात घेतला नाही. दुपारी संडासाच्या दारावर सात कलमांचा कागद लागला. प्रत्येकी एकच बादली पाणी वापरावे. घाई असणाऱ्यांनी पूर्वसूचना द्यावी. पाहुण्यांनी शक्यतो आपल्या घरूनच जाऊन यावे. मुलाने खाली 'वाचले' असं लिहून सही केली आणि दोन्ही वेळा ऑफिसात जाऊन यायला लागला. बुधवारी साहेबांनी दुकानातून जिवाणूंच्या पावडरीची चार पाकिटं आणून भांड्यात ओतली आणि दर तासाला जाऊन कान देऊन ऐकू लागले, जणू आत कोणी निकाल वाचून दाखवणार होतं.

गुरुवारी सकाळी बायको अंघोळीला बसली आणि मोरीतलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर आलं. तिने कपडे बदलले आणि सरळ मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याला फोन केला.

"गाडी दारात उभी राहणार?" साहेबांचा चेहरा उतरला. "लोक काय म्हणतील?"

"काही म्हणायचे नाहीत. तोंड बंद ठेवतील, नाक धरून."

गाडीवाला दहाला आला. पन्नाशीचा, शांत माणूस. चष्म्याला मागून दोरी बांधलेली. साहेबांनी त्याला कोपऱ्यावरच गाठलं आणि गाडी मागच्या गल्लीत लावायला सांगितलं. "पाइप पुरला तर लावतो," तो म्हणाला. "झाकण कुठंय?"

साहेबांनी बागेकडे बोट दाखवलं. गाडीवाल्याने पहार आपटून पाहिली, गुलाबाचा वाफा खणला. खाली नुसती माती. साहेबांनी मग बोट जरा उजवीकडे सरकवलं. तिथेही मातीच. तिसऱ्या खड्ड्यापाशी बायको बाहेर आली.

"अहो, कशाला दमवताय त्यांना? दाखवा की."

साहेब गुलाबाकडे बघत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "अभ्यासिकेत आहे. कपाटाखाली."

कपाटात साहेबांची मानपत्रं होती. मुलगा आणि सून ती बाहेर नेऊन ठेवू लागले. 'नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीबद्दल' असं कोरलेली पितळी पाटी सुनेच्या हातात आली. तिने ती पालथी करून ठेवली.

गाडीवाल्याला नवल वाटलं नाही. "मोठ्या घरांत असंच असतं. परवा एका डॉक्टरांकडे पलंगाखाली निघालं."

"टाकी बांधली तेव्हा ही खोली नव्हती," साहेब म्हणाले. "नंतर वाढवली."

"परवानगी घेऊन?" सुनेने अगदी सहज विचारलं.

मुलगा पंख्याकडे बघू लागला.

छिन्नीने फरशी फोडली, झाकण उचललं. गाडीवाल्याने सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या सताड उघडल्या आणि आतली हवा निघून जाईपर्यंत अर्धा तास कोणाला फिरकू दिलं नाही. मग पाइप सोडला. पंप धडधडू लागला. दारातून बघता बघता साहेबांमधला अधिकारी जागा झाला.

"तळाशी गाळ राहील. एखादा माणूस खाली उतरवून नीट साफ करून घ्या."

"माणूस उतरत नाही. पाइप उतरतो."

"पाच मिनिटांचं तर काम आहे."

गाडीवाल्याने चष्मा काढून पुसला. "माझा मेव्हणा असाच पाच मिनिटांसाठी उतरला होता. त्यालाही घरमालक नीट साफ कर म्हणाले होते." त्याने चष्मा परत चढवला. "थोडा गाळ राहिलेला बरा असतो."

साहेब आत गेले आणि स्वतः त्याच्यासाठी चहा घेऊन आले. कप हातात द्यावा की ओट्यावर ठेवावा, असा क्षणभर घोळ झाला. मग हातात दिला.

तेवढ्यात शेजारचे मॅनेजर, बँकेतून निवृत्त झालेले, फाटकातून आत आले. इकडे तिकडे बघत खालच्या आवाजात गाडीवाल्याला म्हणाले, "इथलं झालं की आमच्याकडेही जरा या. आमचं स्वयंपाकघरात आहे, ओट्याखाली."

"ओट्याखाली?" साहेब सवयीने कडाडले. "असला नकाशा पास कोणी केला?"

"तुम्हीच," मॅनेजर म्हणाले.

त्या दिवशी त्या गल्लीतल्या चार टाक्या उपसल्या. चारही घरांत आधी फर्निचर सरकवावं लागलं.

जाताना गाडीवाल्याने तीन गोष्टी सांगितल्या. झाकण उघड्यावर ठेवा आणि दर तीन वर्षांनी बोलवा. शिवाय टाकीचा हवेचा पाइप, जो साहेबांनी घराच्या दर्शनी भागाला शोभत नाही म्हणून कापून टाकला होता, तो पुन्हा बसवा.

साहेबांना फरशी परत बसवून घ्यायची होती. बायकोने भांडण केलं नाही. गवंड्याला बोलावलं आणि अभ्यासिकेची मागची भिंत पाडून, झाकण बाहेर उघड्यावर येईल अशी खोली निम्मी करायला सांगितली. तिसऱ्या दिवशी साहेब छत्री घेऊन उन्हात गवंड्याच्या शेजारी उभे राहिले.

हवेचा पाइप बसवायची वेळ आली तेव्हा मुलगा सिमेंट भरत होता आणि साहेब दोन्ही हातांनी पाइप धरून उभे होते.

"सरळ आहे का?" त्यांनी बायकोला विचारलं.

ती फाटकापर्यंत मागे गेली, डोळे बारीक करून बघितलं. "जरा डावीकडे घ्या."

साहेबांनी घेतला.