आत कोणी नाही

"माझं वाक्य कुठं आहे?" तिनं विचारलं.

कारखान्याच्या धाकट्या मालकांनी फोटोखालच्या पाटीकडे असं पाहिलं, की ती तिथं कुणी लावली हे जणू त्यांनाही आजच कळत होतं. फोटो तिच्या बाबांचा. खिडकीच्या तावदानाएवढा. अंगात गोणपाटाचा कोट, हातात बर्फाच्या लाद्या ओढायचा आकडा, आणि फोटो काढणाऱ्याला 'आटप आता' म्हणताहेत असा चेहरा. खाली लिहिलं होतं : 'या भिंतींवर त्यांचा जीव होता.' बस. पुढं अर्धी पाटी कोरी.

"जागा पुरली नाही हो," धाकटे मालक म्हणाले. त्यांचे केस पांढरे झाले होते, पण मोठे मालक जाऊनही हे धाकटेच राहिले होते.

तिनं कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"शिवाय आजचा दिवस आनंदाचा," ते म्हणाले. "जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे?" आणि दारातून येणाऱ्या पाहुण्यांकडे हात जोडत निघून गेले.

"डोक्यावर बर्फ ठेव," आई शेजारून पुटपुटली. बाबा असते तर म्हणाले असते, किती लाद्या पाठवू? घरातला हा जुना विनोद. आज दोघींनाही हसू आलं नाही.

तिनं मागितलं होतं ते एकच वाक्य : 'कामगारांनी या भिंतीत खिडकी मागितली होती.' फोटो मागायला मालकांची माणसं घरी आली, तेव्हा बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. फोटो आईनं कपाटातून काढला, पदरानं पुसून दिला. वाक्य तिनं दिलं. लावू की, असं फोनवरही कबूल झालं होतं. आता तिच्या तोंडाला पानं पुसली होती.

बर्फाच्या कारखान्याचं आता वाचनालय झालं होतं. लाद्या गोठायच्या तिथं पुस्तकांची कपाटं, यंत्रं धडधडायची तिथं कॉफीची टेबलं. ज्यांनी हे सगळं घडवलं त्या वास्तुविशारद बाई पाहुण्यांना समजावून सांगत होत्या. उभी इमारत पाडायची, तिचा राडारोडा कुठंतरी नेऊन टाकायचा आणि पुन्हा नव्या विटा भाजायच्या, नवं सिमेंट ओतायचं, याला काय अर्थ आहे? आहे ते वापरा. बाई मनापासून बोलत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात तिला खोट काढता येईना. ती स्वतः कॉलेजच्या ग्रंथालयात होती. फाटकी पुस्तकं रद्दीत न घालता बांधून घेण्यावरून तिनं प्राचार्यांशी वर्षानुवर्षं भांडण केलं होतं. जुनं जपावं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून तर राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरच्या दालनात टण्ण झालं. मग पुन्हा. मग हसण्याचा आवाज.

तो नळ. लाद्या जिथं गोठायच्या त्या शीतगृहाच्या दाराबाहेर उभा असलेला पोकळ लोखंडी नळ. त्याला आता घासून चकचकीत केलं होतं, शेजारी लाकडी हातोडी टांगली होती आणि लिहिलं होतं, 'वाजवा आणि आत या.' जो येई तो वाजवी.

शीतगृहाचं दार तेव्हा हातभर जाड होतं. एकदा अडसर पडला की आतल्या माणसानं कितीही ओरडावं, बाहेर ऐकू येत नसे. म्हणून नियम होता. एकानं सगळ्यांच्या मागं राहायचं, लाद्यांमधल्या प्रत्येक बोळात डोकवायचं, बाहेर येऊन नळावर दोन ठोके द्यायचे. अर्थ एकच : आत कोणी नाही. ठोके पडल्याशिवाय अडसर पडत नसे. तो एक माणूस म्हणजे बाबा. सगळे त्यांना 'शेवटचा' म्हणत. स्वतःच्या लग्नालाही हा शेवटीच पोचला, असं त्यांचे सोबती सांगत, आणि आई दरवेळी नव्यानं चिडत असे.

बर्फ गोठवायला लागणारा अमोनिया नळ्यांतून फिरायचा. एक दिवस सांधा निसटला. डोळे मिटून, खोकत माणसं बाहेर पडली, पण ठोके पडेनात. दोघं आत कोसळले होते. बाबांनी एकेकाला ओढत आणलं, आणि मगच नळ वाजला. ते दोघं वाचले. बाबांची छाती मात्र त्यानंतर कधी सुधारली नाही. शेवटी शेवटी तर ते ऑक्सिजनच्या नळीला बांधल्यासारखे पलंगावर बसून असत. आडवं होता येत नसे.

त्या अपघातानंतर सगळे मिळून मालकांकडे गेले होते. शीतगृहाच्या मागच्या भिंतीत खिडकी पाडा, वायू बाहेर जायला वाट द्या, एवढंच मागणं. मोठे मालक म्हणाले, भिंतीला हात लावला तर छप्पर खाली येईल. पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. तिला सगळ्यात जास्त झोंबायचं ते हे, की बाबांना ते खरं वाटलं होतं. ती तावातावानं बोलू लागली की धापा टाकत तेच तिची समजूत घालत. "छपराचा प्रश्न होता गं. खाली माणसं असायची."

वास्तुविशारद बाई आता या दालनात, म्हणजे जुन्या शीतगृहात, आल्या होत्या. मागच्या भिंतीत ओळीनं उंच खिडक्या होत्या, त्यांतून वारा येत होता, पुस्तकांची पानं फडफडत होती. इथं पंखाही लागत नाही, बाई म्हणाल्या, आता ही इमारत श्वास घेते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढं व्हायच्या आत आई बोलली.

"ही भिंत तुम्ही फोडलीत?"

"हो काकू. पूर्वी सलग होती. अगदी अंधार."

"मग छप्पर नाही आलं खाली?"

बाई हसल्या. चांगलं, मोकळं हसू. "छे हो. या भिंतीवर छपराचं वजनच नाही. सगळं खांबांवर आहे. चार दिवसांत उरकलं काम."

"चार दिवसांत," आई म्हणाली.

बाईंचं हसू मावळलं. आपण काय बोललो ते त्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी बोलून गेलो एवढं कळलं होतं. "का? काय झालं?"

सकाळपासून आई त्या फोटोपुढं उभी होती, ओळखीच्या माणसांना बोलावून दाखवत होती. आता तिनं फोटोकडे पाहिलंही नाही.

"काढ गं तो," ती म्हणाली.

लेकीनं चौकट दोन्ही हातांनी उचलली. खिळ्यावरून सहज निघाली. धाकटे मालक लगबगीनं आले.

"अहो, असं काय करता? पाहुणे बघताहेत."

"ते नेहमी सगळ्यांच्या शेवटी निघायचे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "आज जरा लवकर नेते."

वास्तुविशारद बाई पाटीकडे वळल्या होत्या. त्यांनी धाकट्या मालकांना काहीतरी विचारलं. उत्तर काय मिळालं ते ऐकायला ती थांबली नाही.

आईला पुढं घालून ती जाड दाराच्या जागी आता बसवलेल्या काचेच्या दारांतून दालनाबाहेर आली. नळाशी एक जोडपं हातोडी घेऊन उभं होतं. तिनं हात पुढं केला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ती मुकाट्यानं देऊन टाकली. फोटो काखेत घट्ट धरून तिनं ठोका दिला. थांबली. दुसरा दिला.

त्याच दाराबाहेरच्या बाकावर खोकलेकाका बसले होते, बाबांनी ओढून आणलेल्या दोघांपैकी एक. त्यांना निमंत्रण होतं, पण ते आत आले नव्हते. सकाळपासून नळ कितीदा वाजला, त्यांनी मान वर केली नव्हती. आता ते काठी टेकत उठले, दोघी दारापासून बाजूला होईपर्यंत थांबले, आणि जुन्या सवयीनं अडसर टाकायला हात पुढं केला.

हाताच्या चाहुलीनं काचेची दारं आपोआप उघडली.