नाल्यात धुतलेली भुजली

माझं नाव देवकाबाई, अन् मले राग लवकर येते. आधीच सांगून ठेवते, मंग म्हणू नका.

आमचं गाव पिपरटोला. नाल्याच्या या काठाले आम्ही, त्या काठाले बेलघाट. बेलघाट नगरपंचायत झालं तवा हद्द गेली नाल्याच्या बरोब्बर मधातून. अर्धा नाला शहराचा, अर्धा ग्रामपंचायतीचा. पाण्याले हे कोणी कळवलंच नाही.

दोन सालाआधी नगरपंचायतीनं जेसीबी आणला. आपल्याकडचा अर्धा नाला उपसला अन् गाळ टाकला आमच्या काठावर. आमचा सरपंच धनेंद्र, माझ्या दिराचा पोरगा, त्यालेही ताव आला. त्यानं ट्रॅक्टर लावून तोच गाळ शहराच्या अर्ध्यात ढकलला. आठ दिवसांत नाला होता तसा. अशी ही शिकली-सवरली माणसं!

या साली मात्र दोघांचं एकदम जमलं. नाल्यावर स्लॅब टाकायचा अन् वरती दुकानं काढायची. घाण दिसणारच नाही, मंग भांडण कायचं? राखीनंतर चौथ्या दिवशी दोन्हीकडे ठराव होणार होता. लग्न होऊन आली तवा या नाल्याचं पाणी मी ओंजळीनं पेली आहे. त्याले हे जिताजागता गाडून राहिले होते. मले रडू आलं, अन् रडू आलं म्हणून आणखी राग आला.

मी धनेंद्रच्या घरी गेली. "काऊन गा, नाला साफ करता येत नाही म्हणून त्याले झाकून राहिला?"

"काकी, हद्दीचं लफडं आहे. मी साफ करू अन् ते घाण सोडतीन. त्याईले सांग ना."

मंग शहरात गेली. मुख्याधिकारी साहेब पुण्याकडचे, बोलणं मऊ. "ताई, आमच्या अखत्यारीत अर्धाच नाला येतो. उरलेल्यासाठी सरपंचांचं पत्र लागेल."

"मंग मागा ना पत्र."

"त्यांनी आधी अर्ज करायला हवा."

बाप्पा! मधात बारा हाताचा नाला, अन् साफसफाईसाठी एकमेकाले एक फोन लावायले यांची जीभ झडते.

आमच्याकडे राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली असते. टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, नऊ दिवसांत पिवळे कोंब येतात. बायका ते पाण्यावर नेऊन धुतात अन् जुडी करून एकमेकाले देतात. दिलेली भुजली कानावर खोचायची अन् जुनं भांडण तिथंच सोडायचं. भुजलीले नाही म्हणणारा माणूस मी आजपर्यंत पाहिला नाही.

दहा सालापासून आम्ही ती शेतातल्या बोरिंगवर धूत होतो. या साली मी टोपली डोक्यावर घेतली अन् सरळ नाल्याकडे निघाली. शेजारची प्रेमिला मागून ओरडली, "अवो बाई, कुठी? हात सडतीन ना!"

"सडू दे! येणार त ये, नाही त घरी बस."

शिव्या देत देत आली. तिच्यामागून चाळीसेक बायका आल्या. नाकाले पदर लावून आम्ही त्या पाण्यात कोंब धुतले. भुजली निघाली काळी, तेलकट, अन् असा वास की दोघीतिघींले तिथंच ओकारी झाली.

त्याच टोपल्या घेऊन आम्ही नगरपंचायतीत गेलो. धनेंद्रले निरोप धाडला, काकीले तिथं चक्कर आली, लवकर ये. खोटं बोलली, हो. तो धापा टाकत आला.

मी साहेबासमोर जुडी धरली. "घ्या साहेब, ही तुमच्या अर्ध्यातली. अन् धनेंद्र, ही तुझ्या अर्ध्यातली. वास घेऊन सांगा बरं, कोणती कोणाची?"

साहेब खुर्चीसकट मागं सरकले. धनेंद्र हळूच म्हणाला, "काकी, घरी चाल. इज्जत काढून राहिली माझी."

"होती का? कान इकडे कर."

सारं ऑफिस पाहून राहिलं होतं. आम्हा पोवार जातीतला पोरगा भुजलीले नाही कसा म्हणन? त्यानं कान पुढं केला, मी जुडी खोचली, तो माझ्या पाया पडला. दुसरी जुडी मी त्याच्याच हातात दिली. "आता साहेबाले तू लाव." साहेबांनी डोळे मिटून घेतले. काळं पाणी त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर ओघळलं.

"आता बसा दोघं," मी म्हटलं, "अन् लिहा. एकाच कागदावर."

लिहिलं त्यांनी! स्लॅब रद्द. दोघं मिळून दसऱ्यानंतर नाला पूर्ण रुंदीनं उपसतीन. त्याआधी ज्याच्या संडासाचा पाईप नाल्यात सुटते, तो बंद. सर्वात मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या.

पुढचं सांगायले जीभ जड होते. पंधरा दिवसांनी शहराचा इंजिनियर अन् आमचा ग्रामसेवक यादी करत काठानं निघाले. संग पाईप बुजवायले गवंडी, मागं अर्धं गाव. बेशरमाच्या झुडपात इंजिनियरनं काठी घातली अन् थांबला. पाईप. वर पाहिलं त माझंच घर. संडास बांधला तवा टाकं खोदायचा कंटाळा केला अन् मीच म्हटलं होतं, सोडा तिकडे. मी विसरली नव्हती. लपवलं होतं.

संग आलेल्या धनेंद्रनं मान फिरवली. तो हसला असता त बरं झालं असतं. माझा पोरगा ओमेश्वर कानाशी आला. "माय, चूप राय. जुना पाईप आहे, बंद पडला म्हणू."

तेवढ्यात घरात कोणीतरी बादली ओतली अन् पाईप भसाभसा वाहू लागला.

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मान खाली घालून उभी राहीन त देवकाबाई कायची? पदर खोचला, खाली उतरली, गवंड्याजवळून घमेलं ओढलं अन् पाईपाच्या तोंडात दोन्ही हातांनी विटा-सिमेंट कोंबलं. काठावरून सून चेतना ओरडली, "अवो माय, आता आपण जायचं कुठी?"

"टाकं होयेपर्यंत प्रेमिलाच्या घरी!"

प्रेमिलानं कपाळावर हात मारला, पण नाही म्हणाली नाही.

कोपरापर्यंत भरलेले हात घेऊन मी वर आली. "ग्रामसेवक, लिहा. एक नंबर, देवकाबाई. मोठ्या अक्षरात लिहा." मंग गावाकडे वळली. दोघंतिघं मागच्या मागं सटकून राहिले होते.

"कोणी घरी पळायचं नाही," मी म्हटलं. "चला पुढं. कोणाचा पाईप कोणत्या झुडपात आहे, मले सारं ठाऊक आहे."