फिटरच्या कपाटातला डबा

डॉक्टरबाईंनी फिटरच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने खाली ओढली, त्याची मान उजेडाकडे वळवली आणि विचारले,

“रोज किती घेता?”

“काय?”

“दारू.”

शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर धरून बसलेली त्याची बायको ताठ झाली.

“अहो बाई, चोवीस वर्षं संसार केलाय मी यांच्याशी. खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन बघतात.”

“रागावू नका, विचारावं लागतं.” डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढले. “काविळीच्या विषाणूंचा पत्ता नाही. सोनोग्राफीत खडा नाही. तरी लिव्हर बिघडलंय. कसलं चूर्ण, काढा, अंग भरायच्या गोळ्या, जिममधली पावडर?”

“हे आणि जिम!” बायकोला हसू आवरेना.

फिटर कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत होता. “नाही,” तो म्हणाला.

“मग आराम करा. जड उचलू नका. आठ दिवसांनी परत रक्त.”

त्याने आराम केला नाही. पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात तो नेहमीच्या वेळेला जात राहिला, आणि त्याआधी रोज सकाळी ठकीला दोन मजले खाली नेत राहिला. ठकी त्यांची मुलगी. बावीस वर्षांची, वाचनालयाच्या काउंटरवर नोकरीला. पाय जन्मापासून साथ देत नव्हते. चाकांची खुर्ची जिन्याखाली साखळीने बांधलेली असे, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि घरमालक लिफ्टचे नाव काढले की बहिरा होत असे. फिटर तिला दोन्ही हातांवर घ्यायचा, अडतीस पायऱ्या उतरायचा, खुर्चीत ठेवायचा आणि म्हणायचा, “पार्सल पोचलं, सही करा.” ठकी त्याच्या तळहातावर बोटाने सही करायची. तिच्या सातव्या वर्षी सुरू झालेला हा विनोद दोघांनाही सोडवत नव्हता.

आठवडाभरात त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. अंगाला खाज इतकी, की तो कारखान्यातली पोलादी पट्टी शर्टाच्या आत घालून पाठ खाजवू लागला. जेवण समोर आले की तोंड फिरवायचा. दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट आला. डॉक्टरबाई या वेळी “रागावू नका” म्हणाल्या नाहीत. कारण सापडले नाही तर मोठ्या इस्पितळात जाऊन सुईने लिव्हरचा कण काढून तपासावा लागेल, आणि आकडे असेच चढत राहिले तर पुढचे काही आपल्या हातात राहणार नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

रविवारी ठकीचा मामा आला. बूट काढायच्या आतच त्याने विषयाला हात घातला.

“भावोजी, लिव्हर म्हणजे एकच कारण. माझ्यापासून काय लपवता? मला या विषयातलं कळतं.”

“तुला कळणारच,” बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. “दर शनिवारी अभ्यास करतोस.”

“ताई, तू मधे बोलू नकोस. माणूस बाहेर काय करतो हे बायकोला शेवटी कळतं. घेता ना, भावोजी?”

ती ओल्या हातानेच बाहेर आली. आता नवरा मामाला दोन शब्द सुनावणार, याची वाट बघत उभी राहिली. खिडकीशी पुस्तकांना कव्हर घालत बसलेल्या ठकीची कात्री थांबली.

“घेतो कधीतरी,” फिटर म्हणाला.

मामाने विजयी मुद्रेने मांडीवर थाप मारली आणि पुढचा अर्धा तास उपदेश केला. फिटरने तो खाली मान घालून ऐकून घेतला. बायकोला त्यातले एक अक्षर ऐकू आले नाही. न केलेला गुन्हा माणूस कबूल करतो तो केलेला झाकायला, हे तिला कळत होते. पण झाकण्यासारखे या माणसाकडे होते तरी काय?

मंगळवारी तो जेवणाचा डबा घरीच विसरून गेला. ती तो घेऊन कारखान्यात पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गडी बाहेर सावलीत बसले होते. आत यंत्रे बंद होती. भिंतीशी लावलेल्या लोखंडी कपाटांपाशी फिटर पाठमोरा उभा होता. एका हातात पाण्याची बाटली. दुसऱ्या हातावर लाल-काळ्या दोन गोळ्या.

“अहो.”

त्याने मूठ मिटली. लहान मुलासारखी, पाठीमागे नेऊन. तिने त्याच्या बाजूने कपाटात हात घातला. ग्रीसच्या चिंध्यांमागे काळा प्लास्टिकचा डबा होता. त्यावर उघड्या अंगाचा एक माणूस, गळ्यापासून कमरेपर्यंत विटा रचल्यासारखा. तो डबा हातात घेऊन ती फिटरकडे बघत राहिली. त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती आणि आतला हात नेहमीचाच होता, शिरा वर आलेला.

“हे कुठून आणलंत?”

“व्यायामशाळेतल्या पोराकडून. ताकद येते म्हणाला.”

“कधीपासून?”

“चार महिने.”

“डॉक्टरबाईंनी नाव घेऊन विचारलं तुम्हाला. माझ्यासमोर विचारलं.”

“हो.”

“आणि मी हसले.” तिने डबा खाली ठेवला, परत उचलला. “पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणाला दंड दाखवायचेत?”

फिटरने मूठ उघडली. गोळ्यांचा रंग घामाने तळव्याला लागला होता. तो बराच वेळ तो रंग अंगठ्याने पुसत राहिला.

“मधल्या मजल्याच्या वळणावर,” तो म्हणाला, “पाय लटपटला माझा. ती हातावर होती. पडलो नाही. भिंतीला खांदा टेकला म्हणून. तिला कळलंसुद्धा नाही, गाणं गुणगुणत होती.” थोडे थांबून तो म्हणाला, “ती आता मोठी झालीय, आणि मी काय वाढणारे का?”

बाहेर कुणीतरी जोरात हसले. तिने डब्याचे झाकण घट्ट लावले आणि तो पर्समध्ये कोंबला. पर्सची चेन लागेना.

“दारुडा म्हणवून घेतलंत.”

“म्हणेनात. तिला नको सांगू. आपल्या वजनापायी बापाचं असं झालं, असं तिच्या डोक्यात बसलं तर निघायचं नाही.”

“ते नंतर बघू. आधी माझ्याबरोबर चला.”

“जेवतो आणि...”

“तसेच चला.”

डॉक्टरबाईंनी डबा फिरवून फिरवून वाचला. वर लिहिलेले असते ते आत असतेच असे नाही, त्या म्हणाल्या, आणि आत असते ते सगळे वर लिहिलेले नसते. यातून लिव्हर गेलेली तरणीताठी मुले त्यांनी पाहिली होती. एकही गोळी आता पोटात जाता कामा नये. वेळेत बंद केले तर बहुतेक वेळा लिव्हर आपले आपण सावरते, मात्र ते आपल्या घाईने सावरत नाही. “आणि उचलणं बंद,” त्या म्हणाल्या. “काहीही. कुणालाही.”

संध्याकाळी फिटर ठकीला आणायला निघाला तेव्हा बायको दारात आडवी उभी राहिली. वाचनालयाच्या शिपायाला तिने फोन करून ठकीबरोबर बोलावले आणि त्याच्या आणि स्वतःच्या हातांवर ठकीला कसेबसे वर आणले.

फिटर आंघोळीला गेला तशी ठकी म्हणाली, “आई, मामाला तू तसं का बोलू दिलंस? बाबा पीत नाहीत.”

आई फिटरच्या गणवेशाची उसवलेली शिवण घालत होती. तिने दोरा तोडला आणि नवीन ओवला.

“त्या वळणावरचं मला माहितेय,” ठकी म्हणाली. “त्यांच्या छातीत धडधडत होतं, माझ्या कानाशी. म्हणून मी गुणगुणायला लागले. तेव्हापासून माझा एक हात कठड्यावर असतो. त्यांना दिसत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“ते का नाही बोलले?”

आईने दिव्याकडे तोंड करून सुईच्या नेढ्यातून दोरा ओढला, पण तो कधीच ओवला गेला होता. मग तिने कपडे बाजूला सारले आणि मुलीला काळ्या डब्याबद्दल सगळे सांगितले. ठकी रडली नाही. तिने फक्त आईचा मोबाईल मागून घेतला.

तळमजल्यावर सुतार राहायचा. ठकीने त्याच्याशी काय बोलणे केले कुणास ठाऊक, पण चार दिवसांत त्याने एका हलक्या खुर्चीला पुढे-मागे लाकडी दांडे बसवून दिले, वर पट्टा ठोकला. दांडे धरायला तो आणि त्याची बायको येणार होते. “माझी हिच्यापुढे काय टाप,” सुतार बायकोकडे बोट करत म्हणाला, “लाकडाचं कपाट एकटी सरकवते.” फिटरने दांडे हलवून पाहिले, सांधे दाबून पाहिले, एक स्क्रू पुन्हा आवळला आणि कुरकुरला, “परक्याच्या हातात द्यायचं म्हणजे.”

“परके कसले? रोज सकाळी तुमच्या पायांचे आवाज ऐकून उठतात ते,” ठकी म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात आकडे उतरू लागले. खाज गेली. डोळ्यांतला पिवळेपणा कडेकडेने निवळत गेला आणि फिटर एक दिवस दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवला. मामाला बहिणीने खरे ते फोनवर ऐकवले.

पण त्याआधी, खुर्ची पहिल्यांदा निघाली त्या सकाळी फिटर दाराशी उभा होता. हातांचे काय करावे हे त्याला सुचत नव्हते. शेवटी त्याने ठकीची पिशवी खांद्याला लावली.

“मी पुढे होतो. वळण आलं की सांगतो,” तो म्हणाला आणि उतरू लागला.

ठकीने त्याला कधी एकट्याने जिना उतरताना पाहिले नव्हते. तो किंचित तिरका होऊन उतरत होता. एका पायरीवर एक पाय टेकवायचा, दुसरा त्याच्या शेजारी आणायचा, मग पुढची पायरी. प्रत्येक पायरीला हात कठड्यावर घट्ट बसत होता.

“सावकाश,” ती त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली.

खुर्ची धरणाऱ्या दोघांनी लगेच वेग कमी केला.